परकरातला चोरखिसा

नवरात्रात चांदवडला जायचं ठरलं तेव्हा मी आधी चोरांचा विचार केला, देवीचा नंतर.

कारण तसंच होतं. तुळशीचं लग्न झालं की आमच्या मुलाचं लग्न होतं, आणि नव्या सुनेचं मंगळसूत्र घडवून घरी आलं होतं. आमच्या घरची रीत अशी, की मंगळसूत्र आधी चांदवडच्या देवीच्या पायाशी ठेवायचं, तिथलं कुंकू लावून घ्यायचं आणि मगच ते लग्नात नवऱ्या मुलाच्या हाती द्यायचं. माझं मंगळसूत्रही सासूबाईंनी असंच नेऊन आणलं होतं, पदराच्या गाठीत बांधून. त्या काळी ते चालत असेल. आता दसऱ्याच्या आधीच्या गर्दीत सोनं घेऊन एसटीत चढायचं म्हणजे चोरांना आमंत्रणच.

गाडी करून जाता आलं असतं. पण सासूबाईंना बंद मोटारीत मळमळतं. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर, त्याने सगळी रजा लग्नासाठी राखून ठेवलेली. मुलगा पुण्यात. राहिलो मी आणि सासूबाई. त्यांचं वय झालेलं, साखरेचा आजार जुना, पण पाय अजून चालते आणि जीभ त्याहून जास्त.

जीभ हीच माझी मुख्य काळजी. सासूबाई बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला ओझर येईपर्यंत घरातली सगळी माणसं सांगून मोकळ्या होतात. कोणाचं लग्न, सून कुठली, सोनं किती घातलं, काही शिल्लक ठेवत नाहीत. आमच्या इमारतीतल्या एका बाईंची पाटली मागच्याच दिवाळीत बसच्या दारात कापून नेली होती. घरी येऊन हात धुतानाच त्यांच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या एकींचा मोबाइल गेला आणि पोलिसांकडे तक्रार लिहून होईपर्यंत त्यांचं खातं रिकामं झालं. हे ऐकल्यापासून मी बाहेर पडले की माझा हात आपोआप पिशवीच्या चेनवर जातो.

म्हणून तयारी पद्धतशीर केली. दोन्ही मोबाइलना नवे लॉक घातले. पैसे पाठवायच्या ॲपवरची मर्यादा अगदी खाली आणली. मोबाइल, आधार कार्डं, रोख रक्कम असं सगळं एका चपट्या पाकिटात घालून ते गळ्यात, ओढणीखाली. सासूबाईंचा मोबाइलही मीच घेतला, कारण त्या तो हातातल्या कापडी पिशवीत सगळ्यात वर ठेवतात, भाजी ठेवावी तसा. खाण्याचा डबा, पाणी आणि ओटीचं सामान माझ्या सॅकमध्ये. आणि मंगळसूत्रासाठी सासूबाईंच्या परकराला आतून, पोटावर येईल असा चोरखिसा शिवला. चेन लावली आणि चेनवर टाके घातले. म्हाताऱ्या बाईच्या साध्या सुती लुगड्याखाली सोनं असेल असा संशय कोणाला येईल?

सकाळी त्यावरून सासूबाई रुसल्या.

‘‘देवीपुढे ठेवायची वस्तू परकरात? काही लाजबीज?’’

‘‘आई, हातातलंच आधी जातं. ओटीची पिशवी कोणी ओढली तर?’’

‘‘खणाच्या घडीत ठेव ना. खणाला हात लावायची चोराची छाती होत नाही.’’

‘‘चोराला खण दिसत नाही, पिशवी दिसते.’’

‘‘तुझ्या सासऱ्यांनी असलं ऐकलं असतं तर घरातून हाकललं असतं.’’

‘‘कोणाला, मला?’’

‘‘मला. अशी सून आणली म्हणून.’’

शेवटी ऐकलं त्यांनी, पण तोंड फुगवून. मी इन्सुलिन टोचताना त्या भिंतीकडे बघत होत्या. उपवास होता. डोस डॉक्टरांना विचारून कमी केलेला होता, आणि बस सुटली की लगेच डब्यातले राजगिऱ्याचे लाडू आणि केळं खायचं असं ठरलं होतं. घरी खायला त्या तयार नव्हत्या. निदान नाशिकची वेस ओलांडल्याशिवाय तोंडात काही घालणार नाही, हा त्यांचा हट्ट. इथवर मी माघार घेतली.

रिक्षात मी त्यांना पुन्हा एकदा सूचना दिल्या. कोणाशी बोलायचं नाही. कोणी दिलेलं खायचं-प्यायचं नाही, गुंगीचं औषध घालतात. अंगाला कोणाला हात लावू द्यायचा नाही. आणि कोणी ‘‘तुमच्या सुनेचा फोन आहे’’ म्हणून मोबाइल पुढे केला तर घ्यायचा नाही, बोलायचं नाही. हल्ली माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून लुबाडतात, हे मी त्यांना व्हिडिओ दाखवून सांगितलं होतं.

‘‘म्हणजे मुकी बाहुली होऊन बसू?’’

‘‘हो. चांदवड येईपर्यंत.’’

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या. सासूबाईंनी एकदा बरं म्हटलं की ते शब्दशः बरं असतं. माझ्याकडून त्यांनी कधी फार काही ऐकलं नाही, पण जे ऐकलं ते मोडलं नाही.

बसस्थानक माणसांनी भरून वाहत होतं. चांदवडवरून मालेगावकडे जाणारी बस फलाटाला लागायच्या आतच लोक तिच्याबरोबर पळायला लागले. खिडक्यांतून रुमाल, टोप्या, एक लहान मूलसुद्धा आत गेलं. सवयीने मी बसच्या नंबराचा फोटो काढला. मग सासूबाईंना पुढे घातलं, पाठीला माझे हात लावले आणि गर्दीतून दारापर्यंत ढकलत नेलं. कंडक्टर आतून ओरडत होता, ‘‘म्हाताऱ्या माणसांना आधी येऊ द्या हो!’’ कोणीतरी त्यांचा दंड धरून त्यांना वर घेतलं. खिडकीतून मला दिसलं, त्या पुढच्या बाकावर बसल्या आणि शेजारच्या जागेवर त्यांनी माझ्यासाठी पिशवी ठेवली. माझा एक पाय पायरीवर होता.

तेवढ्यात माझ्या मागून एक मुलगी किंचाळली, ‘‘मोबाइल! माझा मोबाइल मारला! पकडा!’’

त्यानंतर मी जे केलं ते मी स्वतःलाच कितीतरी वेळा शिकवून ठेवलेलं होतं. चोरीचा गलका झाला की गर्दीतून बाहेर पडायचं, पाठ खांबाला लावायची, आधी आपलं तपासायचं. कारण गलक्यातच दुसरा हात मारला जातो. मी पायरीवरून उतरले. कोपरं आवळून बाहेर आले, फलाटाच्या खांबाला टेकले. ओढणीखाली हात घातला. माझा मोबाइल, सासूबाईंचा मोबाइल, कार्डं, पैसे. सॅकच्या दोन्ही चेन. सगळं जागच्या जागी. मला क्षणभर चक्क समाधान वाटलं.

वर पाहिलं तर बसचं दार बंद झालं होतं. घंटा वाजली आणि बस वळणावर होती. मी ओढणी सावरत धावले, पाठीमागच्या पत्र्यावर हात मारला, ओरडले. इतके लोक ओरडत होते की त्यात माझं ओरडणं कोणाला कळणार. बस फाटकाबाहेर पडली.

ती दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा मंगळसूत्र आलं, हे खरं आहे. दुसऱ्याच क्षणी सॅक खांद्याला जाणवली. तिच्यात लाडू होते, केळं होतं, ग्लुकोजची पुडी होती. सासूबाईंच्या अंगात इन्सुलिन होतं आणि पोट रिकामं होतं. मागे एकदा त्यांची साखर अशी उतरली होती. तोंडावर घामाच्या धारा, हात थरथरणारे, आणि मग मला ओळखेनात. तेव्हा त्या घरात होत्या आणि साखरेचा डबा हाताशी होता.

नियंत्रकाच्या खिडकीपाशी मी रांग मोडून घुसले. शिव्या बसल्या.

‘‘बाई, मागं व्हा. सगळ्यांनाच घाई आहे.’’

‘‘माझी सासू बसमध्ये गेली, मी राहिले. तिला साखरेचा आजार आहे. मोबाइल नाही तिच्याकडे.’’

‘‘का नाही?’’

मी बसच्या नंबराचा फोटो पुढे धरला. तो पाहिल्यावर मात्र त्यांचा सूर बदलला. त्यांनी कागदांत शोधलं, कंडक्टरचा नंबर काढला, स्वतः लावला. वाजून वाजून बंद झाला. ‘‘तिकिटं कापत असेल. गच्च भरलीय गाडी. तुम्ही या मागच्या मनमाडच्या गाडीत बसा, चांदवडवरूनच जाते. हा नंबर घ्या, लावत राहा.’’ आणि मनमाडच्या कंडक्टरला हाक मारून मला पुढे चढवलं.

द्वारका गेली, आडगाव गेलं. मी दांडीला धरून उभी होते आणि एका हाताने तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. पाकिटाची चेन उघडीच होती, त्याचं मला भान नव्हतं. मला फक्त पुढच्या बसमधला तो बाक दिसत होता. आता त्या मागे वळून मला शोधत असतील. आता मी बसमध्ये नाही हे त्यांना कळलं असेल. दुसरी कोणीही बाई असती तर तिने शेजारणीला सांगितलं असतं, अहो माझी सून राहिली, मला फोन लावून द्या. नंबर त्यांना पाठ आहे माझा. पण त्या बोलणार नव्हत्या. मीच सांगितलं होतं, बोलायचं नाही.

ओझरच्या पुढे फोन उचलला गेला.

‘‘हॅलो, कोण हाय?’’

मी भरभर सांगितलं. पलीकडे कंडक्टरने मोठा श्वास सोडला. ‘‘बरं झालं ताई तुमी लावला. आजी काय बोलतच नाय. आधार मागितलं तर मान हलवती. ती झाकली मूठ पोटावर धरून बसलीय. लय घाम आलाय अंगाला. लोकं म्हणत्यात दवाखान्यात न्या.’’

‘‘त्यांची साखर उतरलीय. काहीतरी गोड द्या, लगेच. केळं, पेढा, साखर, काहीही. उपवासाचं असलं तर बरं, नसलं तरी द्या.’’

‘‘दिलं की. पाणी दिलं तर बाटली ढकलून दिली. पेढा तोंडाशी नेला तर दात आवळून बसली.’’

मागून एका बाईचा आवाज आला. ‘‘आजीबाई, खावा की! काय इख घातलंय का आम्ही त्यात?’’

दुसरी म्हणाली, ‘‘अगं, मुकी हाय वाटतं बिचारी.’’

‘‘मुकी नाहीत,’’ मी म्हणाले. ‘‘त्यांच्या कानाला फोन लावा.’’

खडखड झाली. मग कंडक्टर. ‘‘हात मारती मोबाइलला. जवळच येऊ देत नाय.’’

‘‘मग स्पीकरवर टाका. मोठा आवाज करा.’’

बसचा सगळा गोंगाट माझ्या कानात आला. मी ओरडले, ‘‘आई! मी बोलतेय. मी मागच्या बसमध्ये आहे. तो पेढा खा आधी!’’

मग अगदी बारीक, घोगऱ्या आवाजात सासूबाई म्हणाल्या, ‘‘कोण तू?’’

‘‘तुमची सून.’’

‘‘सगळे असंच म्हणतात. माझ्या सुनेनं मला सांगून ठेवलंय.’’

माझ्या बसमधले लोक आता माझ्याकडे बघत होते. मी मुलाचं लाडकं नाव सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं. आमच्या घरासमोर काय आहे ते सांगितलं.

‘‘हे मोबाइलवर सगळ्यांना दिसतं,’’ सासूबाई म्हणाल्या. शब्द जड पडत होते, एकेक ओढून आणल्यासारखे. ‘‘तिनंच सांगितलंय. तुम्ही लोकं सगळं आधी काढून ठेवता.’’

‘‘आई, तुमचे हात थरथरतायत ना? डोळ्यापुढे अंधारी येतेय ना?’’

‘‘ते दिसतंयच की त्याला, कंडक्टरला.’’

मला रडू फुटायला लागलं. कंडक्टर म्हणाला, ‘‘ताई, मान कलती व्हायला लागलीय. काय करू, पिंपळगावला गाडी घेऊ का आत?’’

‘‘घ्या. पण आधी पेढा!’’

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज परत आला. ‘‘सून असलीस... तर सांग. सकाळी मी कशावरून रुसले?’’

मला उत्तर माहीत होतं. जगात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी ते विचारलं होतं. गच्च भरलेल्या बसमध्ये, स्पीकरवर. इकडे माझ्या बाजूला दांडीला लटकलेले लोक, तिकडे पन्नास-साठ माणसं, आणि आजच सकाळी स्थानकावर हात मारणारे त्यातलेच कोणी दोघे-चौघे असणार हे मला ठाऊक होतं. आठवडाभर मी जे लपवत होते, टाके घालत होते, ते सगळं एका वाक्यात बाहेर पडणार होतं. आणि ते सोनं एका म्हाताऱ्या, अर्धवट शुद्धीतल्या बाईच्या अंगावर होतं. ते काढून घेणाऱ्याला तिला हात लावावा लागला असता.

दुसरं काही सुचतंय का ते मी शोधलं. सुचलं नाही. तिकडे कोणी तरी म्हणत होतं, ‘‘अहो धरा, धरा त्यांना.’’

‘‘मंगळसूत्र!’’ मी म्हणाले. ‘‘नव्या सुनेचं मंगळसूत्र मी तुमच्या परकराच्या खिशात शिवलं म्हणून. तुम्ही म्हणालात खणाच्या घडीत ठेव.’’

माझ्या शेजारच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर बाहेर वळवली.

मग सासूबाईंचा आवाज, पार दुरून आल्यासारखा. ‘‘मग खाऊ का हे?’’

‘‘खा. दोन खा. पाणी प्या.’’

‘‘उपवासाला चालतं?’’

‘‘चालतं. मी सांगतेय.’’

‘‘खात्यात,’’ कंडक्टर म्हणाला. ‘‘खात्यात, ताई. चहावाल्याकडून साखर बी घेतो पिंपळगावात.’’ आणि मग आवाज खाली आणून, ‘‘ती दुसरी गोष्ट... तुमी काळजी करू नका. आजींना मी माझ्या सीटवर घेतो. चांदवडला नियंत्रकाच्या खोलीत बसवूनच गाडी पुढं काढीन.’’

फोन बंद झाला. त्यानंतरचा रस्ता मला नीट आठवत नाही. पिंपळगावच्या टोलनाक्यावर बस अडली तेव्हा मी उतरून चालत जाऊ का असा विचार केल्याचं आठवतं. वडाळीभोईला दोन तरुण चढले, हसत होते, आणि मला वाटलं त्यांना त्या बसमधून फोन आलाय, ते आता आमच्या मागावर आहेत. असं होणं शक्य नव्हतं. पण त्या वेळी मला प्रत्येक माणूस तेच ऐकून आल्यासारखा दिसत होता. चांदवडला गर्दीत कोणी म्हणालं, ‘‘या आजी, सून बाहेर उभी आहे तुमची,’’ तर? आता त्या माझ्या नावावर विश्वास ठेवायला तयार झाल्या होत्या. तो विश्वास कसा मिळवायचा ते मीच एवढ्या लोकांसमोर दाखवून दिलं होतं.

चांदवडच्या स्थानकात मी बस थांबायच्या आत उडी मारली.

नियंत्रकाच्या खोलीत लाकडी बाकावर सासूबाई बसल्या होत्या. समोर कपबशी, ओठांवर साखरेचे कण. केस कपाळाला चिकटलेले. एक हात अजून पोटावर, मूठ इतकी घट्ट की बोटं पांढरी पडलेली. मी त्यांचा दुसरा हात धरला. गार होता, ओला होता, पण थरथर थांबली होती. मी सॅकमधून साखर मोजायचं यंत्र काढून त्यांच्या बोटाला टोचलं. आकडा कमी होता, पण जिवावरचा नव्हता. लाडू दिला तो त्यांनी निमूट खाल्ला.

‘‘बघ तरी, आहे का,’’ त्या म्हणाल्या.

‘‘असू दे.’’

‘‘बघ म्हणते ना.’’

मी त्यांची मूठ सोडवली, लुगड्यावरूनच चाचपलं. मणी हाताला लागले. होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. मी मात्र नुसती त्यांच्याशेजारी बाकाच्या कडेला टेकले.

मग मी विचारलं, ‘‘आई, माझा आवाज ओळखला नाहीत?’’

‘‘आवाज तुझ्यासारखाच होता,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘पण ती बाई भ्यायलेली होती. तू कुठे भितेस? एवढी वर्षं घरात आहेस, मी तुला कधी भ्यालेली ऐकली नाही. म्हटलं, नक्कल करणाऱ्यानं इथेच चूक केली.’’

बाहेर मंदिराकडे जाणाऱ्या लोकांचे घोळके निघाले होते. दर्शनाची रांग तासागणिक वाढते हे मला माहीत होतं. परतीच्या बस किती वाजल्यापासून भरायला लागतात तेही माहीत होतं. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं, पाय खाली सोडले आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘हं. आता काय करायचं?’’

‘‘मला नाही माहीत,’’ मी म्हणाले.

त्या जरा सरकल्या आणि त्यांनी मला बाकावर नीट बसायला जागा करून दिली.